हार्मोन धरून ठेवणारी प्रोटीन्स आणि आपलं खाणं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हार्मोनच्या टेस्टबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की रक्तातलं बरंचसं हार्मोन मोकळं फिरत नसतं, कुठल्या ना कुठल्या प्रोटीनला चिकटलेलं असतं आणि त्या प्रोटीनचं प्रमाण आपल्या खाण्यापिण्यानेही बदलतं. झालं, बहुतेक सगळ्यांनी तेच वाक्य पकडलं. म्हणून यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकते. सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि ज्यांनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत त्यांना आधीच सांगते, इथे बसून मी कुणाचं निदान करत नाही, रिपोर्ट कसा वाचायचा एवढंच सांगते, औषध चालू किंवा बंद करायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न: डॉक्टर, वय ४१, गेल्या काही वर्षांत वजन वाढलंय, पोट सुटलंय. सारखा थकवा येतो म्हणून टेस्ट केली तर टोटल टेस्टोस्टेरॉन २७० आलं, लॅबच्या रेंजच्या खाली. एसएचबीजी १४. जिममधला मित्र म्हणतो सरळ इंजेक्शन चालू कर. हे एसएचबीजी काय आहे आणि ते खाण्याने वाढतं का?

उत्तर: मित्राला म्हणावं जरा दमानं घे.

एसएचबीजी म्हणजे सेक्स हार्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन. हे प्रोटीन लिव्हर बनवतं आणि रक्तात सोडतं, ते टेस्टोस्टेरॉनही धरतं आणि एस्ट्रॅडिऑल हे बायकांचं मुख्य हार्मोनही, पण टेस्टोस्टेरॉनला जास्त घट्ट. पैशाचं उदाहरण घ्या म्हणजे पटकन कळेल. एसएचबीजीला चिकटलेलं टेस्टोस्टेरॉन म्हणजे एफडीतला पैसा, आहे आपलाच पण लगेच हाताला लागत नाही. अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रोटीनला चिकटलेलं म्हणजे सेव्हिंग खात्यातला, मनात आलं की काढता येतो. आणि कशालाच न चिकटलेलं म्हणजे खिशातली रोकड, ती असते जेमतेम २ टक्के. पुरुषांमध्ये साधारण ४० ते ४५ टक्के एफडीत असतं, बायकांमध्ये तर दोन तृतीयांशच्या आसपास. रिपोर्टमधला 'टोटल' आकडा ही तिन्हींची बेरीज आहे, आणि पेशींना उपयोग मुख्यतः रोकड आणि सेव्हिंगचा असतो.

आता तुमचा हिशोब. टोटल २७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, एसएचबीजी १४ नॅनोमोल प्रति लिटर, अल्ब्युमिन तुम्ही लिहिलं नाहीये ते मी ४.३ धरलं. यावरून मोकळं टेस्टोस्टेरॉन काढायचं १९९९ सालचं एक प्रसिद्ध सूत्र आहे, व्हर्म्यूलेन नावाच्या डॉक्टरांचं. त्यात आकडे घातले तर तुमचं मोकळं टेस्टोस्टेरॉन येतं ८ नॅनोग्रॅमच्या जवळपास, म्हणजे ठीकठाक. हेच २७० एखाद्या एसएचबीजी ४० असलेल्या माणसाचं असतं तर मोकळं आलं असतं पावणेपाचच्या आत, आणि मग मी वेगळं बोलले असते. टोटल दोघांचं सारखंच, पण एकाची एफडी लहान आहे म्हणून बेरीज कमी दिसतेय आणि दुसऱ्याच्या खिशातच खरंच खडखडाट आहे. त्यामुळे एकट्या टोटलवर कुणी इंजेक्शन सुचवलं तर उठून यावं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की आपलं स्वतःचं बनणं आणि शुक्राणूंची निर्मिती दबते, हे जिममध्ये कुणी सांगत नाही. (वजन फारच वाढलेलं असेल तर मोकळंही खरोखर कमी होतं, ते वेगळं, म्हणूनच मोजून बघायचं.)

तर मग तुमचं एसएचबीजी कमी का? बहुतेक वेळा उत्तर लिव्हरमध्ये सापडतं. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की एसएचबीजी कमी असण्याचा संबंध पोटाच्या चरबीपेक्षा लिव्हरमधल्या चरबीशी जास्त जवळचा आहे. म्हणजे पोट दिसतं म्हणून आपण पोटाला दोष देतो पण मूळ आतल्या फॅटी लिव्हरमध्ये असू शकतं, त्यामुळे तुम्ही सोनोग्राफी, एसजीपीटी म्हणजे लिव्हरची टेस्ट, आणि साखरेची तपासणी आधी करून घ्या. २००९ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला होता, त्यात ज्यांचं एसएचबीजी कमी त्यांना पुढे टाइप टू डायबेटिस होण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसलं, पुरुषांत आणि बायकांतही. तुमच्या वयाला आणि पोटाला मला टेस्टोस्टेरॉनपेक्षा या गोष्टीची जास्त काळजी वाटते, खरं सांगायचं तर.

खाण्याने वाढतं का, हो वाढतं, पण 'अमुक खा' अशा रीतीने नाही. लिव्हरमधली चरबी उतरली की वाढतं. गोड पेयं, फळांचे गाळलेले रस, दारू, सारखं काहीतरी तोंडात टाकणं हे आधी बंद करा, वजन सावकाश उतरवा, चाला, थोडी ताकदीची एक्सरसाइज करा. सहा महिन्यांनी परत मोजा, सकाळी, उपाशीपोटी. उपाशीपोटी का म्हणते तर ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला दिल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी २५ टक्क्यांनी खाली आल्याचं एका अभ्यासात मोजलंय, तेही थोड्या वेळातच. एसएचबीजी इतक्या झटपट हलत नाही पण टेस्टोस्टेरॉन हलतं, त्यामुळे नाश्ता करून टेस्टला गेला असाल तर तुमचं ते २७० सुद्धा मी मनावर घेणार नाही.

प्रश्न: मॅडम मला पीसीओएस आहे, वय २९. हनुवटीवर केस, पिंपल्स, पाळी दोन दोन महिन्यांनी. टोटल टेस्टोस्टेरॉन ४८ म्हणजे लॅबच्या मते नॉर्मल आणि एसएचबीजी १७. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आहे तर केस का येतात? आणि साखर सोडली तर एसएचबीजी वाढेल असं वाचलं, खरं का?

उत्तर: पीसीओएस म्हणजे ओव्हरीच्या हार्मोनचा बिघाड. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर वरच्या एफडीच्या हिशोबातच आहे. बायकांसाठी एक सोपा आकडा काढतात, फ्री अँड्रोजन इंडेक्स. टोटल टेस्टोस्टेरॉन नॅनोमोलमध्ये घ्यायचं, एसएचबीजीने भागायचं, १०० ने गुणायचं. तुमचं ४८ म्हणजे १.६७ नॅनोमोल, भागिले १७, गुणिले १००, आलं ९.८. बऱ्याच लॅब वरची मर्यादा ५ च्या आसपास धरतात. म्हणजे टोटल नॉर्मल असूनही त्वचेपर्यंत आणि केसांच्या मुळापर्यंत पोचणारं जास्त आहे. आणि ओव्हरीने काहीही वेगळं न करता नुसतं तुमचं एसएचबीजी १७ चं ३४ झालं तरी हा आकडा ४.९ वर येतो. इतकं या एका प्रोटीनवर अवलंबून आहे.

आता साखर. यामागची गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा लांबण लावते.

आधी समज अशी होती की सगळा खेळ इन्सुलिनचा आहे. इन्सुलिन जास्त झालं की लिव्हर एसएचबीजी कमी बनवतं. त्याला पुरावाही चांगला होता. १९९१ मध्ये पीसीओएस असलेल्या वजनदार बायकांवर एक प्रयोग झाला, त्यात औषधाने आधी ओव्हरीचं काम थंड केलं, म्हणजे तिकडच्या हार्मोनचा गोंधळ नको, आणि मग डायझॉक्साइड नावाच्या औषधाने इन्सुलिन खाली आणलं. एसएचबीजी वाढलं. म्हणजे ओव्हरीला मध्ये न घेताही इन्सुलिन आणि एसएचबीजीचं नातं आहे हे कळलं. मग २००७ मध्ये कॅनडातल्या हॅमंड यांच्या गटाने लिव्हरच्या पेशींवर आणि माणसाचं एसएचबीजीचं जीन घातलेल्या उंदरांवर काम केलं आणि वेगळीच बाजू दिसली. पेशींना ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज जास्त दिलं की त्या त्याची चरबी बनवायला लागतात, पाल्मिटेट नावाची चरबी साठते, आणि त्या नादात एचएनएफ-फोर-अल्फा नावाचं एक नियंत्रक प्रोटीन कमी होतं. हे एचएनएफ-फोर-अल्फाच एसएचबीजीचं जीन चालू ठेवत असतं, ते कमी झालं की एसएचबीजीचं उत्पादन घसरतं. आणि यात फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त वाईट निघालं. साध्या साखरेत निम्मं फ्रुक्टोजच असतं हे लक्षात घ्या.

म्हणून तुम्ही वाचलंत ते चुकीचं नाही, पण पेशी आणि उंदीर म्हणजे तुम्ही नाही. चहातली एक चमचा साखर सोडून एसएचबीजी दुप्पट होईल अशी आशा धरू नका. माणसांमध्ये सगळ्यात भरवशाचा परिणाम दिसतो तो वजन उतरण्याचा. २०१२ मध्ये छापलेला एक अभ्यास होता, पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या ४३९ बायका, एक वर्ष. नुसत्या डाएटच्या गटात एसएचबीजी २२ टक्क्यांच्या आसपास वाढलं, डाएट अधिक व्यायाम गटात जवळजवळ २६ टक्के. या बायका तुमच्यापेक्षा मोठ्या आणि पीसीओएसच्या नाहीत तरी दिशा तीच. तुम्ही वजन लिहिलं नाहीये. पीसीओएस बारीक मुलींनाही असतो, तसं असेल तर वजन उतरवायच्या मागे लागू नका, इन्सुलिनकडे बघा, झोप, व्यायाम, गोड पेयं, आणि जेवणात तंतू म्हणजे फायबर भरपूर.

आणखी एक, डॉक्टरांनी पाळीच्या गोळ्या दिल्या तर त्यातल्या इस्ट्रोजेनने एसएचबीजी झपकन वाढतं, कारण तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधूनच जातं. तेव्हा गोळ्या चालू असताना एसएचबीजी ९० आलं म्हणून डाएटला शाबासकी देऊ नका, ते श्रेय गोळीचं.

प्रश्न: सोया खाल्ल्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं आणि एसएचबीजी वाढतं म्हणे. मी रोज खातो. थांबवू का?

उत्तर: नका थांबवू. पुरुषांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१० मध्ये विश्लेषण झालं, सोया प्रोटीन किंवा त्यातल्या आयसोफ्लाव्होनमुळे ना टेस्टोस्टेरॉन बदललं ना एसएचबीजी. ही भीती इतकी वर्षं जिवंत कशी राहते कळत नाही. थायरॉइडची गोळी घेत असाल तर मात्र गोळी आणि सोया यांत अंतर ठेवा, गोळी नीट शोषली जात नाही. त्याचा टेस्टोस्टेरॉनशी संबंध नाही.

प्रश्न: वय २६, पूर्ण व्हीगन, दोन वर्षं कटिंगवर आहे, बॉडी फॅट खूप कमी. एसएचबीजी ७८ आलं. टोटल टेस्टोस्टेरॉन चांगलं आहे पण सगळे म्हणतात ७८ म्हणजे सगळं टेस्टोस्टेरॉन लॉक झालंय. बोरॉन आणि नेटल रूटने एसएचबीजी खाली येतं का? प्रोटीन अजून वाढवू का?

उत्तर: 'लॉक झालंय' हा शब्द ज्याने काढला त्याने सप्लिमेंटवाल्यांचं भलं केलं. शरीर काही गप्प बसून बघत नाही. एसएचबीजी वाढलं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन जरा कमी पडलं की मेंदूला ते कळतं, तो एलएच हे वृषणांना हुकूम देणारं हार्मोन वाढवतो, वृषण थोडं जास्त बनवतात, आणि टोटल वर जाऊन मोकळं परत जागेवर येतं. ब्रिटनमध्ये व्हीगन, शाकाहारी आणि मांसाहारी पुरुषांची तुलना झाली होती, २००० साली छापून आली, त्यात व्हीगन पुरुषांचं टोटल टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त निघालं, एसएचबीजीही जास्त निघालं, आणि मोकळ्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तुमचं टोटल 'चांगलं आहे' ते कदाचित याच कारणाने. मोकळं काढून घ्या म्हणजे वाद मिटेल.

आता खाण्यातलं काय काय एसएचबीजी वर-खाली करतं याचा जुना चांगला आधार म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या ४० ते ७० वयाच्या दीड हजारावर पुरुषांचा अभ्यास, तोही २००० चाच. वय आणि फायबर वाढलं तसं एसएचबीजी जास्त, वजन आणि प्रोटीन वाढलं तसं कमी. तुम्ही फायबर भरपूर, वजन कमी, कॅलरी कमी, सगळं वर नेणाऱ्या बाजूलाच उभे आहात. पण असल्या अभ्यासात एकमेकांबरोबर काय दिसतं एवढंच कळतं, कशाने काय झालं ते नाही, त्यामुळे प्रोटीन पावडरचा एक स्कूप वाढवून एसएचबीजी इतकं खाली येईल असलं गणित त्यातून काढू नका.

मला तुमच्या पत्रात खटकलं ते 'दोन वर्षं कटिंग', म्हणजे चरबी उतरवायला मुद्दाम कमी खाणं. शरीराला बराच काळ कमी ऊर्जा मिळाली की एसएचबीजी वर जातं, अॅनोरेक्सियाच्या रुग्णांत तर ते ठळक दिसतं. त्यात लिव्हरमध्ये चरबी नाही, इन्सुलिन खाली, मग एसएचबीजीचं जीन जोरात चालणारच. लैंगिक इच्छा कमी झाली आहे का, झोप बिघडली आहे का, सारखी थंडी वाजते का, वजनं उचलण्याची ताकद घटली आहे का? यातलं काही 'हो' असेल तर औषध म्हणजे पोटभर जेवण, बाटलीतलं काही नाही. नेटल रूटमधले काही घटक परीक्षानळीत एसएचबीजीला चिकटतात एवढ्यावर तो सगळा धंदा चाललाय, माणसांत त्याने काही फायदा झाल्याचा दमदार पुरावा नाही, बोरॉनचे अभ्यास अगदीच छोटे आहेत.

आणि डाएटच्या आधी एक टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, करून घ्या. थायरॉइड जास्त काम करत असलं तरी एसएचबीजी वाढतं. लिव्हरच्या आजारात वाढतं, फिट येऊ नये म्हणून घेतात त्या काही गोळ्यांनी, म्हणजे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन वगैरे, त्यांनीही वाढतं.

प्रश्न: ही सगळी प्रोटीन्सच आहेत ना, मग प्रोटीन कमी खाल्लं तर सगळीच कमी व्हायला पाहिजेत?

उत्तर: छान प्रश्न, आणि उत्तर नाही असं आहे. कमी खाल्ल्यावर एसएचबीजी वाढतं हे आत्ताच वर बघितलं. उलट ट्रान्सथायरेटिन, जे थायरॉइड हार्मोन आणि व्हिटॅमिन ए च्या वाहतुकीत असतं, ते कुपोषणात पटकन घसरतं कारण त्याचं अर्धं आयुष्यच दोन दिवसांचं आहे. अल्ब्युमिनचं तीन आठवड्यांच्या जवळपास, ते सावकाश हलतं, आणि ते कमी दिसलं तर खाण्याआधी अंगातली सूज, इन्फेक्शन, किडनी, लिव्हर यांचा संशय घ्यायचा. लिव्हरला कच्चा माल किती मिळाला एवढाच प्रश्न नसतो, त्याला हुकूम काय मिळालाय तेही बघावं लागतं.

प्रश्न: मी १९ वर्षांची आहे. लग्नसराईत सगळे जाड म्हणाले म्हणून फार कमी खायला लागले, दिवसाला ७०० कॅलरी वगैरे. ११ किलो कमी झाले. आता केस गळतात, थंडी वाजते, पाळी तीन महिने नाही. थायरॉइड टेस्टमध्ये टी-थ्री कमी आणि टीएसएच नॉर्मल. आई म्हणते थायरॉइड झाला. थायरॉइडसाठी कुठलं डाएट करू?

उत्तर: तुला अगं म्हटलं तर चालेल ना. अगं, तुला अजून एका डाएटची गरज नाहीये, डाएट थांबवायची गरज आहे.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-फोर नावाचं हार्मोन बनवते. त्यातलं ९९.९ टक्क्यांहून जास्त रक्तात प्रोटीनला चिकटलेलं असतं, सगळ्यात जास्त थायरॉक्सिन बाइंडिंग ग्लोब्युलिनला, साधारण तीन चतुर्थांश, उरलेलं ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिनला. पण तुझ्या बाबतीत मुख्य गोष्ट धरून ठेवणाऱ्या प्रोटीनची नाही, बदल करणाऱ्या प्रोटीनची आहे. टी-फोरचं कामाचं टी-थ्री करायला डीआयोडिनेज नावाची एन्झाइम लागतात, त्यांच्यात सेलेनियम असतं. उपाशी राहिलं की शरीर या एन्झाइमचा रोख बदलतं, टी-थ्री कमी करतं आणि निकामी असलेलं रिव्हर्स टी-थ्री जास्त करतं. पूर्ण उपवासात काही दिवसांत टी-थ्री निम्म्यापर्यंत येऊ शकतं. शरीर बिघडलेलं नाही, ते काटकसर करतंय. त्यात टीएसएच वाढत नाही, आणि खरा हायपोथायरॉइड असता तर टीएसएच वाढलेला दिसला असता. यावर थायरॉइडची गोळी घेणं म्हणजे काटकसर करणाऱ्याला जबरदस्तीने खर्च करायला लावणं, नुकसानच होईल. म्हणून आईला सांग, हा थायरॉइडचा आजार असेल असं या आकड्यांवरून वाटत नाही.

पाळी तीन महिने थांबली ही मात्र गंभीर गोष्ट आहे, मेंदूने खालची यंत्रणा बंद केली असण्याची शक्यता आहे आणि हे लांबलं तर हाडं पातळ होतात. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, प्रेग्नन्सी टेस्टसकट जे सांगतील ते करून घे, आणि एखाद्या चांगल्या आहारतज्ज्ञांबरोबर खाणं हळूहळू वाढव. खायला बसलं की भीती वाटते, खाल्ल्यावर अपराधी वाटतं असं होत असेल तर तेही तिथे मोकळेपणाने बोल, त्यावरही उपचार असतात. सेलेनियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नकोस, जास्त झालं तर केस गळण्याचं तेच एक कारण होऊन बसतं. आणि जाड म्हणणाऱ्यांना पुढच्या लग्नात माझा नंबर दे.

प्रश्न: माझा मुलगा ८ वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका. डॉक्टरांनी आयजीएफ-वन आणि आयजीएफबीपी-थ्री अशा टेस्ट सांगितल्यात. दूध वाढवलं तर हे वाढतं असं ऐकलं. किती द्यावं? की वाढीची पावडर आणू?

उत्तर: आयजीएफ-वन हे वाढीच्या हार्मोनच्या सांगण्यावरून मुख्यतः लिव्हर बनवतं, आणि त्याला धरणारी सहा प्रोटीन्स आहेत. त्यातलं तिसरं, आयजीएफबीपी-थ्री, सगळ्यात जास्त भार उचलतं. एकटं मोकळं आयजीएफ-वन रक्तात काही मिनिटंच टिकतं, पण ते आयजीएफबीपी-थ्री आणि आणखी एक प्रोटीन असं तिघांचं जोडकाम झालं की १२-१५ तास टिकतं. म्हणून दोन्ही टेस्ट एकत्र सांगतात, तुमच्या डॉक्टरांनी योग्य केलंय.

दुधाबद्दल ऐकलंत ते बरोबर आहे. डेन्मार्कमध्ये बरोबर तुमच्या मुलाच्याच वयाच्या २४ मुलांवर प्रयोग झाला, २००४ मध्ये आला. निम्म्यांना रोज दीड लिटर स्निग्धांश काढलेलं दूध, निम्म्यांना तितकंच प्रोटीन मांसातून, सात दिवस. दुधाच्या गटात आयजीएफ-वन १९ टक्के वाढलं, आयजीएफबीपी-थ्री पण वाढलं, मांसाच्या गटात काही नाही. पण दीड लिटर दूध हा प्रयोग होता, घरचा सल्ला नव्हे! इतकं दूध प्यायलेलं पोर जेवणार काय, आणि फक्त दुधावर राहिलेल्या मुलांत लोह कमी पडतं. शिवाय सात दिवस आकडा वाढला म्हणजे उंची वाढली असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. मूल पुरेसं खात नसेल तर वाढीचं हार्मोन भरपूर असूनही लिव्हर आयजीएफ-वन बनवत नाही, म्हणजे हुकूम येतोय पण ऐकलं जात नाहीये. म्हणून आयजीएफ-वन कमी आलं तर लगेच वाढीच्या हार्मोनची कमतरता असं नसतं, आधी पोटभर खातो का, पोटाचा काही जुना आजार आहे का, थायरॉइड कसा आहे हे बघतात. कप-दोन कप दूध, अंडी किंवा कडधान्यं, वेळेवर झोप. पावडर नको, बऱ्याच पावडरींमध्ये साखरच पुष्कळ असते. आणि तुमची व तुमच्या मिस्टरांची उंची किती, मुलाची गेल्या दोन वर्षांत किती सेंटिमीटर वाढली, हे लिहून डॉक्टरांकडे न्या, एकट्या रिपोर्टपेक्षा त्यातून त्यांना जास्त कळेल.

(याच विषयावर काहींनी विचारलंय की मोठ्या माणसांनी आयजीएफ-वन कमी ठेवावं का, कॅन्सरच्या भीतीने. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये २९२ बायकांची तुलना झाली, व्हीगन बायकांचं आयजीएफ-वन १३ टक्क्यांनी कमी होतं आणि त्याला धरणारी पहिल्या-दुसऱ्या नंबरची प्रोटीन्स २० ते ४० टक्के जास्त. खाण्याने हे बदलतं यात शंका नाही. पण त्या फरकाने एखाद्या व्यक्तीचं पुढे काय होईल हे यावरून सांगता येत नाही, म्हणून आकडा कमी करण्यासाठी म्हणून मी कुणाला दूध सोडायला सांगणार नाही.)

प्रश्न: कॉर्टिसॉल जास्त आलंय. गर्भनिरोधक गोळ्या घेते. कॉर्टिसॉल कमी करणारं डाएट सांगा ना.

उत्तर: डाएट नको, आधी गोळीचं बघू. कॉर्टिसॉललाही धरणारं प्रोटीन आहे, कॉर्टिसॉल बाइंडिंग ग्लोब्युलिन, आणि ८० ते ९० टक्के कॉर्टिसॉल त्याच्यावर असतं. गोळीतल्या इस्ट्रोजेनने हे प्रोटीन वाढतं, मग टोटल कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं आणि मोकळं तेवढंच असतं. डॉक्टरांना खरंच शंका असेल तर ते लाळेतलं किंवा २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल बघतील, किंवा गोळी सहा आठवडे थांबवून रक्ताची टेस्ट परत करतील. त्या काळात गर्भनिरोधाची दुसरी सोय मात्र आठवणीने करा.

प्रश्न: कॉफीने एसएचबीजी वाढतं का?

उत्तर: काही अभ्यासांत कॉफी पिणाऱ्या बायकांत जास्त दिसलंय, पण त्यासाठी कॉफी सुरू करावी इतकं काही नाही. आवडते तर प्या, साखर बेताने.

प्रश्न: या सगळ्या टेस्टना जाताना काय काळजी घ्यायची? मी केसांसाठी बायोटिन घेते, चालतं ना?

उत्तर: बरं झालं विचारलंत, कारण हे लॅबमध्ये सहसा कुणी विचारतच नाही. बऱ्याच मशीनमध्ये टेस्टच बायोटिनच्या चिकटण्यावर चालते, त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असलं की आकडे खोटे येतात. एसएचबीजी आणि टीएसएच यांच्यासारख्या टेस्टमध्ये आकडा खोटा कमी येतो, टेस्टोस्टेरॉन आणि फ्री टी-फोर यांच्यासारख्यांत खोटा जास्त. म्हणजे धडधाकट बाईचा रिपोर्ट एकाच वेळी थायरॉइड वाढल्याचा आणि पीसीओएसचा दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल इशाराही दिला होता. आपली रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमची, आणि केसांच्या गोळ्यांत ५००० किंवा १०००० मायक्रोग्रॅम असतं, डबी उलटी करून बघा. टेस्टच्या आधी किमान दोन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर त्याहून जास्त दिवस, आणि लॅबला व डॉक्टरांना सांगा. बाकी रक्त सकाळी द्या, उपाशीपोटी, आदल्या रात्री दारू नको, ताप-सर्दी असेल तर पुढे ढकला, पाळी नियमित असेल तर कितवा दिवस आहे ते कागदावर लिहून द्या. आणि परत मोजायचं असेल तेव्हा त्याच लॅबमध्ये जा, कारण दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असल्या तर एसएचबीजीमधला फरक तुमच्या डाएटचा की मशीनचा ते सांगता येत नाही.